अच्छाडच्या यार्डातला ट्रेंच कोट

मी कोट घ्यायचं ठरवलं त्या दिवशी सकाळी एका परक्या माणसाने माझ्या हातात चहाचा रिकामा ग्लास दिला होता.

डिसेंबर चालू होता. गुजरातच्या हद्दीजवळ, अच्छाडला हायवेलगत आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं, पुढे मोठं यार्ड आणि यार्डात रोज वीस-पंचवीस ट्रक. डिस्पॅच माझ्याकडे होतं. कुठला माल कुठल्या गाडीत चढणार, कागद पुरे आहेत का, सील नीट लागलंय का, गाडी गेटबाहेर कधी पडणार, हे सगळं मी बघायची. त्या दिवशी आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडून दोन साहेब यार्ड बघायला यायचे होते. मी उजाडता उजाडता डहाणूहून स्कूटर काढली. रानशेतपर्यंत झाडीतून जाणाऱ्या त्या रस्त्यावर डिसेंबरात हात गोठतात, म्हणून नवऱ्याचं विंडचीटर अंगात चढवलं होतं. त्याला ते टायरच्या एका दुकानातून फुकट मिळालेलं. पाठीवर पिवळ्या अक्षरांत दुकानाची जाहिरात, बाह्या माझ्या बोटांवर येणाऱ्या, आणि चेन अर्ध्यावर अडकणारी.

साहेब आले, यार्डात उभ्या उभ्या चहा झाला. मी नमस्कार करायला पुढे गेले, तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मावशी, अजून दोन सांगा. साखर कमी."

मी छत्तीस वर्षांची होते. चहा सांगितला. खरंच सांगितला, साखर कमी म्हणूनही सांगितलं. दहा मिनिटांनी ऑफिसात त्यांच्या समोरच्या खुर्चीत फाइल घेऊन बसले आणि गेल्या तिमाहीत कुठली गाडी कुठे का उशिरा पोचली ते एकेक करून सांगितलं. त्या माणसाने मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. पुढे त्याची बदली झाली असं कानावर आलं, आमच्याकडे तो परत कधी आला नाही.

त्याचा मला राग आला का? आला, पण घरी जाताना निवला. चहा देण्यात कमीपणा नाही. माझ्या आईने चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन डहाणूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, त्यातही कधी कमीपणा नव्हता. पण ज्याचं काम त्याच्या अंगावर दिसायला हवं. कंप्युटरवर बिलं टाइप करणारी मुलगी म्हणून मी त्या ऑफिसात शिरले होते, तिथून डिस्पॅचच्या खुर्चीपर्यंत यायला अकरा वर्षं लागली होती. त्या माणसाने फक्त अंगावर लिहिलेलं वाचलं. आणि माझ्या पाठीवर टायरची जाहिरात लिहिलेली होती.

संध्याकाळी घरी कपाट उघडून उभी राहिले. लग्नाकार्याच्या साड्या होत्या, ऑफिसचे सहा-सात पंजाबी ड्रेस होते, दोन स्वेटर होते, त्यातल्या एकाच्या बाह्या सुटलेल्या. ऑफिसात बसणाऱ्या बाईचे कपडे होते. यार्डात उभं राहणाऱ्या बाईचा एकही नव्हता.

काय हवं ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी यार्डासमोरच्या ढाब्यावर गुजरातकडे जाणारी एक गाडी थांबली होती. त्यातून एक बाई उतरली. पन्नाशीची असेल. अंगात गुडघ्यापर्यंतचा बदामी कोट, पुढे बटणांच्या दोन रांगा, कमरेला त्याच कापडाचा पट्टा बांधलेला, कॉलर रुंद. ती खाटेवर बसून सगळ्यांसारखंच शेव-टमाटर खात होती, पण ढाब्यावरचे ड्रायव्हर तिच्याशी बोलताना आपोआप नीट उभे राहत होते. मी फोनवर शोधून त्या कोटाचं नाव काढलं. ट्रेंच कोट.

पहिला कोट ऑनलाइन मागवला. खोक्यातून काढला तेव्हाच मन खट्टू झालं. फोटोतली मुलगी माझ्यापेक्षा हातभर उंच असावी. कोट माझ्या घोट्यापर्यंत आला आणि पट्टा कमरेच्या खाली, कुल्ल्यांवर बसला. नवरा म्हणाला, छान आहे, यात आपण दोघं मावू. परत पाठवला. दुसरा मागवला, तो मापात होता पण कापड इतकं पातळ की दिव्यासमोर धरलं तर पलीकडची खिडकी दिसायची. तोही परत.

तेव्हा आई म्हणाली, "बाय, वस्तू हातात घेतल्याशिवाय घेतात का? चल, मी येते."

आईबद्दल इथे थोडं सांगायला हवं. माझं माहेर डहाणूतच, समुद्राला लागून. दारात बांबूंवर बोंबील सुकत, घरभर तोच वास. आम्हाला तो कळायचाही नाही, इतरांना कळायचा. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा आईने माझे दोन चांगले ड्रेस घरात ठेवलेच नाहीत. शाळेतल्या एका बाईंकडे पत्र्याची पेटी ठेवायला दिली, त्यात डांबरगोळ्या टाकल्या. मी रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन कपडे बदलायची, संध्याकाळी परत बदलून घरी यायची. तीन वर्षं. आईने याचं कधी दुःख केलं नाही. कामाला जायचं तर कामाचे कपडे कामासारखे हवेत, एवढंच ती म्हणायची. म्हणूनच कोटाचं ऐकून तिला हसू आलं नाही. बाकी सगळ्यांना आलं.

आम्ही एका रविवारी सकाळच्या गाडीने वापीला गेलो. निघण्याआधी आईने लिंबाची फोड घेऊन दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले, मग साबणाने धुतले, मग पुन्हा लिंबू. मी म्हटलं, आई, पुरे. ती म्हणाली की दुसऱ्याच्या दुकानातल्या मालाला आपण हात लावणार, तर हात साफ हवा.

दुकान मोठं होतं, गारेगार, तीन मजल्यांचं. कोट दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या मुलीने चार-पाच कोट काढून टेबलावर पसरले आणि फॅशनबद्दल सांगायला लागली. आईने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग पहिला कोट उचलून सरळ उलटा केला. मासा घेताना कल्ला उघडून बघतात, तसं तिने अस्तर उघडून बघितलं. शिवण दोन बोटांत धरून ओढली. टाके फाकले. कोट बाजूला. दुसऱ्याच्या खिशात हात घालायला गेली तर खिसा नव्हताच, नुसती वरची पट्टी शिवलेली. आईने त्या मुलीला विचारलं, "हे कशासाठी आहे?" मुलगी म्हणाली, दिसायला. आईने तोही बाजूला केला. तिसऱ्याची बटणं एकाच दोऱ्यावर लोंबत होती. चौथ्याचं अस्तर पाठीपुरतंच होतं, बाह्या आतून उघड्या.

मला लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत होती. ती मुलगी एव्हाना वैतागली होती आणि तिने गुजरातीत दुसरीला काहीतरी सांगितलं. आईला गुजराती चांगलं येतं, चाळीस वर्षं तिची अर्धी गिऱ्हाइकं गुजराती होती. तिने वळून त्या मुलीला गुजरातीतच, अगदी मऊ आवाजात सांगितलं की पोरी, माझ्या लेकीला हा कोट घालून चिखलात उभं राहायचंय, आरशासमोर नाही. त्यानंतर त्या मुलीचा सूरच बदलला. ती आत गेली आणि गोडाऊनमधून आणखी तीन कोट घेऊन आली.

त्यातला एक मला आवडला. घातला, आरशात बघितलं, बरी दिसत होते. आई म्हणाली, आता स्कूटर चालव. दुकानाच्या मधोमध मी हवेत हँडल धरलं. काखेत कापड ताणलं, बाही कोपरापर्यंत वर सरकली. आता खाली बस, चाक बघायला वाकतेस तशी. बसले, तर मागचं एक बटण तटकन उडून काउंटरखाली गेलं. आम्ही तिघीही हसलो, ती मुलगी सगळ्यात जास्त.

शेवटी आईची नजर खिडकीतल्या बाहुलीवर गेली. त्या बाहुलीच्या अंगात एक कोट होता, तो कुणी विकायला ठेवलेला नव्हता. मुलगी म्हणाली, तो जुन्या मालातला आहे, एकच पीस राहिलाय, साइज मोठा आहे. आईने तो उतरवायला लावला. कापड जाड, घट्ट विणीचं, हातात वजन लागणारं. अस्तर पूर्ण. खिसे खोल, तिरके, खरे. शिवण दुहेरी. आईने ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली, आणि दात लावायचा तेवढा बाकी ठेवला. रंग कोरड्या वाळूचा, खाकीकडे झुकणारा.

मी घातला. खांदे उतरत होते, बाह्या लांब होत्या. मी नको म्हणायच्या बेतात होते. आई म्हणाली, "मोठ्याचं लहान करता येतं. लहानाचं मोठं कोण करून देणार?"

रंगावरून मात्र आमचं जुंपलं. आईला निळा हवा होता, मळखाऊ. मी म्हटलं, हायवेची धूळ कुठल्या रंगाची असते ते बघितलंयस का? अगदी याच रंगाची. निळ्यावर ती सकाळी नऊलाच दिसेल, यावर संध्याकाळपर्यंत दिसायची नाही. आईने कोटाची बाही उजेडात धरून बघितली आणि मान डोलावली. आयुष्यात तिला मी खरेदीत हरवलं ते त्या एकाच दिवशी. किंमत ठरलेली आहे, कमी होत नाही, हे ऐकल्यावर मात्र ती हिरमुसली. परतीच्या गाडीत बराच वेळ तिची तीच तक्रार होती. घासाघीस नाही तर मग खरेदी कसली, असं तिचं म्हणणं.

घराजवळ मसोलीला एक बाई ब्लाउज शिवतात. पुढच्या खोलीत एक मशीन, भिंतीवर ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो. मी कोट त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी हातही लावला नाही. "ताई, हे माझं काम नाही. बिघडलं तर तुमचं नुकसान." मी कोट तिथेच ठेवला आणि म्हटलं, नुसता बघून तर ठेवा, दोन दिवसांनी येते.

दोन दिवसांनी गेले तर त्यांनी एका बाजूची बाही पूर्ण उसवून ठेवली होती. कापड कापलेलं तर नाही ना, ते मी आधी बाही उचलून बघितलं. त्या मात्र खुशीत होत्या. म्हणाल्या, आतून बघितल्यावर कळलं, ब्लाउजच तो, फक्त मोठा. खांदा कुठून आत घ्यायचा, बाहीचा घेर कसा राखायचा, दुसऱ्या रांगेची बटणं किती सरकवायची, हे सगळं त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर कापून ठेवलं होतं. मी तीनदा माप द्यायला गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं की कागद कुठे ठेवता? मी हातातली फाइल दाखवली. त्यांनी डाव्या बाजूला अस्तराच्या आत एक उभा खिसा शिवून दिला. बिल्टी, म्हणजे मालाबरोबर जाणारी पावती, मधोमध दुमडली की त्या खिशात बरोबर मावते. वर पेनासाठी एक बारीक कप्पा. असा कप्पा कुठल्याच दुकानातल्या कोटाला नसेल.

कोटाच्या खांद्यांवर वर्दीला असतात तशा दोन पट्ट्या होत्या, त्या काढून टाकायच्या की ठेवायच्या, एवढंच उरलं होतं. घरी सगळ्यांचं मत पडलं की काढ, पोलीस दिसशील. मी ते आमच्या गेटवरच्या काकांना विचारलं. ते साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, हिवाळ्यात पहाटेही खुर्चीत न टेकता उभे असायचे. मी सहज फोनमधला फोटो दाखवला. ते म्हणाले, ट्रेंच म्हणजे खंदक, हा कोट बायकांचाही नाही आणि पुरुषांचाही नाही, हा खंदकात उभं राहणाऱ्याचा आहे. गोऱ्यांच्या लढाईत चिखल, पाऊस, वारा अंगावर घेत दिवसेंदिवस उभं राहायला तो शिवला. मग सावकाश म्हणाले, "पट्ट्या काढू नका, मॅडम. ज्याला उभं राहायचंय त्याच्या खांद्यावर त्या शोभतात."

पट्ट्या राहिल्या.

जानेवारीतल्या एका सोमवारी मी कोट घालून निघाले. पट्टा आवळला, कॉलर वर केली. रानशेतच्या पुढे वारा समोरून येतो, तो पहिल्यांदाच मला लागला नाही. हायवेला लागल्यावर ट्रक ओलांडताना धूळ उडाली, ती कोटावर बसली आणि दिसलीही नाही. यार्डात शिरले तर एक नवीन ड्रायव्हर, हरियाणाकडचा असावा, केबिनमधून घाईने खाली उतरला आणि गाडीचे सगळे कागद माझ्यापुढे धरून उभा राहिला. त्याला वाटलं चेकपोस्टची मॅडम आली. मी कागद घेतले, तपासले, इन्शुरन्स दोन दिवसांत संपतोय ते त्याला दाखवलं आणि परत दिले. काकांनी गेटवरून ते पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

चेष्टाही झाली. ऑफिसातल्या एकाने विचारलं, मॅडम, शूटिंग कुठेय? दुसरा म्हणाला, आता एक टोपी आणि भिंग घ्या. आठवडाभर चाललं. दहा-साडेदहाला ऊन चढलं की मी कोट काढून खुर्चीमागे टांगायची, हेही सांगायला हवं. डहाणू-तलासरीत वर्षातले सात-आठ महिने असल्या कोटाचं नावही काढू नये. एप्रिल-मेमध्ये तो कपाटात होता आणि जूनपासून मी सगळ्यांसारखा प्लॅस्टिकचा रेनकोट घालत होते. माझ्या एका वहिनीने तर तोंडावर सांगितलं की थंडीच्या दोन महिन्यांसाठी एवढं करणं म्हणजे हौसच. मी म्हटलं, असेल. हौस म्हणून का होईना, त्या दोन महिन्यांत यार्डात मला कुणी मावशी म्हटलं नाही, नवीन आलेल्या हमालानेही नाही. बोलण्याआधी लोक थांबायला लागले. आणि खरं सांगायचं तर मीही थांबायला लागले. आधी मी यार्डात लगबगीने जायची, दोन शब्द बोलायची आणि आत पळायची. कोटात खिसे होते. खिशात हात घालून मी उभी राहायला शिकले.

पुढचा नोव्हेंबर आला. भात कापून झालेलं, माळावरचं गवत कापायला सुरुवात झालेली, आणि एका सकाळी आभाळ भरून आलं. साडेआठला पाऊस सुरू झाला तो असा की समोरचा ढाबा दिसेना. अवकाळी पाऊस येणार असं दोन दिवस सगळे म्हणत होते, पण एवढा येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी यार्डात त्याच मोठ्या गिऱ्हाइकाचा माल भरलेल्या अकरा गाड्या उभ्या होत्या. कागदी गोणींत भरलेली पावडर, औषधांच्या कारखान्यात लागते ती. संध्याकाळच्या आत सगळ्या बंदरावर पोचायला हव्या होत्या, जहाज थांबणार नव्हतं. आणि सगळ्यात पुढची गाडी निघाली ती गेटच्या तोंडाशीच रुतली. मागचं चाक अर्धं चिखलात. तिच्यामागे दहा गाड्या, बाजूने वाट नाही. ताडपत्र्या बांधलेल्या होत्या, पण एवढ्या पावसात ताडपत्री किती तास टिकणार? एक गोण ओली झाली तरी पूर्ण गाडी परत आली असती.

ऑफिसातले, हमाल, ड्रायव्हर, सगळे शेडखाली जमले. क्रेनला फोन लावला. क्रेनवाला म्हणाला, हायवेवर दोन गाड्या कलंडल्यात, दुपारशिवाय जमणार नाही. कुणी म्हणालं, पाऊस थांबू दे. कुणी म्हणालं, शेठना विचारू. शेठ, म्हणजे आमचे मालक, वापीहून निघाले होते आणि वाटेत अडकले होते.

थंडी पडायला लागली म्हणून कोट त्या आठवड्यातच कपाटातून निघाला होता. मी तो घातला, पट्टा बांधला, कॉलर वर केली आणि शेडबाहेर आले. मोठं धाडस केलं असं तेव्हा वाटलं नाही. एवढंच वाटलं की इथे उभं राहून काही दिसत नाही.

चाकाजवळ जाऊन बसले. खाली नुसता चिखल, दगड टाकला तरी आत जाणार. त्याला काहीतरी रुंद, दाबलं जाणारं आणि पाणी पिणारं हवं होतं. वळून बघितलं तर ढाब्यापुढे गवताने भरलेला ट्रक उभा. आमच्याकडचं गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जातं, तसलाच. त्याचा ड्रायव्हर ढाब्यात चहा पीत होता. मी त्याला गाठी मागितल्या. तो म्हणाला, माल माझा नाही, मालकाला काय सांगू? मी आतल्या खिशातून कागद काढला. कोरडा होता. गाठी कुणी, कशासाठी घेतल्या आणि भरून कोण देणार ते लिहिलं, खाली सही केली. त्याने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच ट्रकवर चढून गाठी खाली फेकायला लागला.

मग मी शेडकडे वळून हाक मारली. मला वाटलं होतं पुन्हा पुन्हा बोलवावं लागेल. एकदाच बोलावलं. आधी काका आले, मग दोन हमाल, मग बाकीचे सगळे. जॅक लावून चाक उचललं, खाली गाठी कोंबल्या, वर दगड, वर पुन्हा गाठी. पहिल्यांदा गाडी हातभर सरकली आणि परत बसली. दुसऱ्यांदा चाक गरकन फिरलं आणि माझ्या कोटावर कमरेपर्यंत चिखल उडाला. तिसऱ्यांदा मी ड्रायव्हरला सांगितलं, घाई करू नकोस, पहिल्या गिअरमध्ये, दमादमाने. गाडी घरघरली, थरथरली आणि बाहेर आली. त्या वाटेवर आम्ही गवताच्या गाठींचा बिछानाच घातला आणि बाकीच्या दहा गाड्या त्यावरून एकेक करून काढल्या. प्रत्येक गाडीची ताडपत्री मी स्वतः ओढून बघितली, सील बघितलं, कागद दिले. शेवटची गाडी गेटबाहेर पडली तेव्हा एक वाजला होता.

कोट भिजून इतका जड झाला होता की पाटी घेऊन उभी असल्यासारखे खांदे दुखत होते. पण आतला ड्रेस खांद्यांवर आणि पाठीवर अजून कोरडा होता, खिशातले कागदही.

शेठ मधेच कधीतरी येऊन पोचले होते. गाडीतून न उतरता काचेतून बघत होते, असं मला नंतर काकांनी सांगितलं. संध्याकाळी अकराच्या अकरा गाड्या बंदरावर पोचल्याचा फोन आला तेव्हा ऑफिसात टाळ्या वाजल्या. मी घरी जाऊन गरम पाण्याने आंघोळ केली आणि आईला फोन केला. तिने आधी विचारलं, शिवण टिकली का? टिकली होती. एक बटणही सुटलं नव्हतं. ती म्हणाली, मग झालं. आणि वर सांगितलं की मीठ घातलेल्या कोमट पाण्यात भिजव, चिखल सुटेल. सुटला.

आठवड्याने शेठने मला वापीला बोलावलं. तलासरीला नवीन डेपो होणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिथे मॅनेजर म्हणून अहमदाबादहून कुणी येणार हेही. ऑफिसातल्या पुरुषांपैकी दोघांनी त्यासाठी प्रयत्नही केले होते. मी केले नव्हते, कारण ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेठने पाणी दिलं, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि म्हणाले, "बेन, तलासरीनो डेपो तमे संभाळो."

कोट घ्यायच्या आधीची मी असते तर लगेच हो म्हटलं असतं आणि आभार मानले असते. मी कोटाच्या खिशात हात घातले. म्हटलं, "सांभाळते. पण डेपोत बायकांसाठी वेगळं बाथरूम हवं, आणि ऑफिसात माझ्याशिवाय आणखी दोन बायका."

अच्छाडला बारा वर्षं मी ढाबेवाल्याच्या घरचं बाथरूम वापरत होते, हे शेठना माहीतच नव्हतं. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. मग हसले आणि म्हणाले, मला वाटलं तुम्ही पगाराचं बोलाल. मी म्हटलं, तेही बोलणारच आहे. तेही बोललो, आणि माझ्या मनासारखं झालं.

डेपो फेब्रुवारीत सुरू झाला. बाथरूम आधी बांधून झालं, ऑफिसला रंग नंतर लागला. दोन मुली घेतल्या. एक रानशेतची, तिच्या घरातली पहिली पदवीधर, सकाळी तिला मीच स्कूटरवर घेऊन यायची. दुसरी तलासरीजवळच्या पाड्यावरची, कंप्युटरवर बोटं अशी चालवायची की ड्रायव्हर बघत राहायचे. पहिल्या दिवशी शेठने नारळ फोडला, पेढे वाटले. आई आली होती. नवी साडी नेसून पूर्ण यार्डभर फिरली, ट्रक तोलायचा वजनकाटा कसा चालतो ते विचारलं आणि त्यावर स्वतः उभी राहून बघितली. काट्याला माणसाचं वजन लागत नाही हे ऐकून म्हणाली, मग मोठा कसला.

साडेनऊला पहिली गाडी भरून तयार झाली. रानशेतच्या मुलीने बिल्टी छापून माझ्यापुढे ठेवली. सहीच्या जागेखाली छापलेलं होतं, व्यवस्थापक. मी नेहमीसारखी वळणदार सही ठोकली. ड्रायव्हर वयस्कर होता, चष्म्यातून त्याने कागद नीट बघितला आणि माझ्यापुढे परत ठेवला.

"मॅडम, नाव वाचता येईल असं लिहा. पुढे विचारतात, कुणी पाठवली गाडी."

मी पेन उघडलं आणि सहीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, ठळक, एकेक अक्षर सुटं करून. त्याने कागद दुमडून वरच्या खिशात ठेवला, केबिनमध्ये चढला आणि गाडी गेटबाहेर काढून मुंबईच्या बाजूला वळवली. मागे दुसरी गाडी तयार होती.